फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही 'आत्मवृत्त' म्हटले की फाटकी छत्री आठवते. तिच्या मागोमाग मोडकी खुर्ची, वठलेला वटवृक्ष, आटलेली नदी, रद्दीत निघालेले पाठ्यपुस्तक आणि बंद पडलेले घड्याळ अशी सारी मंडळी येतात. ती सगळी प्रथमपुरुषी एकवचनात बोलतात. आरंभी आपला परिचय करून देतात, मग वैभवाचे दिवस आठवतात, मग माणसाच्या कृतघ्नतेबद्दल दोन अश्रू ढाळतात आणि अखेरीस अखिल मानवजातीला उपदेश करून गप्प होतात. दहावीच्या मराठीच्या अभ्यासक्रमात प्रसंगलेखन आणि वैचारिक लेखन यांच्या शेजारी 'आत्मकथन' आजही आहे; आणि ते कोणाचे, तर बहुधा अशाच कोणा निर्जीवाचे. पंधरा वर्षांच्या मुलाला 'मी' लिहायला आपण ज्या थोड्या प्रसंगी सांगतो, त्यांतल्या बहुतेक प्रसंगी तो 'मी' त्या मुलाचा नसतो.

यामुळे कल्पनाशक्तीला वाव मिळतो, असे समर्थन केले जाते. कल्पनाशक्तीशी आमचे वैर नाही. पण एका वर्गातल्या साठ छत्र्या एकाच शब्दांत रडत असतील, तर तिथे कल्पनाशक्ती कामाला आली असे कसे म्हणावे? तिथे गाइड कामाला आले. आणि प्रकरण एवढ्यावर थांबत असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. छत्रीचे आत्मवृत्त लिहिणारा मुलगा एक धडा पक्का शिकतो. 'मी' म्हणून काहीही लिहिता येते, त्याचा जाब कोणी विचारत नाही, आणि पुरेसे रडके लिहिले तर गुण चांगले पडतात. पुढे तोच मुलगा आमच्या वर्गात येतो तेव्हा या धड्याचे काय झालेले असते, ते सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

आम्ही दोघे जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर, बदनापूर, भोकरदन अशा तालुक्यांतून आमच्याकडे मुले येतात. कोणाचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोणाच्या घरी मोसंबीची बाग आहे, किंवा होती. कोणाचा भाऊ जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर आहे. ही मुले 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी' यांच्याबद्दल परीक्षेत उत्तरे लिहितात. काय लिहितात? वेदना, विद्रोह आणि नकार ही दलित आत्मकथनांची वैशिष्ट्ये होत, असे लिहितात. हे तीन शब्द अधोरेखित केले की उत्तर पूर्ण झाले. ज्याच्या आजोबांनी गावाची येसकरकी केली तो मुलगाही हेच लिहितो, आणि ज्यांच्या दारात ती केली त्यांचा नातूही हेच लिहितो. दोघांना गुण सारखे.

दया पवारांनी १९७८ मध्ये 'बलुतं' प्रसिद्ध केले, त्यात कहाणी सांगणारा दगडू आणि ती ऐकणारा दया पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसवली आहेत. असे का केले असेल? स्वतःविषयी लिहिताना माणसाला स्वतःपासून किती अंतरावर उभे राहावे लागते? हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही, कारण तो लिहिणाऱ्याला पडणारा प्रश्न आहे; आणि वर्गात बसलेल्यांपैकी कोणी लिहिणारा असू शकेल, हे आपण गृहीतच धरलेले नाही. आपण वाचकही घडवत नाही, उत्तरपत्रिका घडवतो.

यावर आमच्या व्यवसायबंधूंचे एक ठरलेले उत्तर आहे. चर्चासत्रांच्या भोजनोत्तर सत्रात ते हमखास ऐकू येते: लेखन शिकवता येत नाही, प्रतिभा उपजत असते. संगीत शिकवता येते, चित्रकला शिकवता येते, कीर्तनही शिकवता येते. गद्य मात्र आकाशातून पडावे लागते! ही समजूत सोयीची आहे. ती मानली की शिक्षकाला वह्या तपासाव्या लागत नाहीत. पण ज्या मराठवाड्यात बसून हे बोलले जाते, त्या मराठवाड्याचा वाङ्मयीन इतिहास नेमका याच्या उलट आहे. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले. पुढच्या दोन दशकांत त्या परिसरात जी मुले शिकली आणि पुढे ज्यांनी शिकवले, त्यांच्यातून मराठी आत्मकथनाची एक मोठी धारा वाहू लागली. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक वर्षानुवर्षे चालवले आणि नव्या लिहिणाऱ्यांना लिहिते केले. ते व्यवसायाने शिक्षकच होते. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये आले, तेही प्राध्यापकाचे पुस्तक. आणि ते कसे आहे? सलग जीवनचरित्र नाही. एकेक आठवण सुटी आणि पुरती. आज ज्याला लघु आत्मकथन म्हणून नव्याने शोधून काढल्याचा आव आणला जातो, त्याचा इतका चांगला नमुना आपल्याच विभागातल्या एका महाविद्यालयीन शिक्षकाने लिहून ठेवला, आणि आपण त्याच्याखाली 'वैशिष्ट्ये' लिहून मोकळे झालो.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर मराठी गद्याच्या उगमाशी जावे. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे स्वतः जाऊन म्हाइंभटांनी एकेक आठवण गोळा केली, नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली आणि मग लिहिली. लीळा म्हणजे काय? पुष्कळदा अवघ्या काही ओळींचा एक प्रसंग. गाव कोणते, देऊळ कोणते, कोण बसले होते, जेवायला काय होते, कोण रुसले, कोण काय बोलले. तीच गोष्ट एकाने एक सांगितली आणि दुसऱ्याने निराळी, तर तो पाठभेदही सांगणाऱ्याच्या नावासह जपण्याची रीत त्या परंपरेत आहे. आठवण ही पुराव्याची वस्तू आहे, तिला साक्षीदार लागतो, ही जाण आपल्या भाषेच्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथातच आहे. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे 'बलुतं'च्याच वर्षी. योगायोग खरा, पण ही दोन पुस्तके शेजारी ठेवून कोणी वर्गात तास घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. भोकरदन तालुक्यातल्या जाळीच्या देवाला आमची कितीतरी मुले घरच्यांबरोबर जाऊन येतात. त्या महानुभाव पंथाने मराठीला आठवण लिहायला शिकवले, हे त्यांना ठाऊक नसते. त्यांना छत्रीचे आत्मवृत्त ठाऊक असते.

आता शिकवायचे म्हणजे काय करायचे, ते एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपासून अंतर्गत मूल्यमापनात आम्ही एक काम देतो: स्वतः पाहिलेली एक गोष्ट, दोन पानांत. एका विद्यार्थिनीने आईवर लिहिले. पहिल्या खर्ड्यात आई त्यागाची मूर्ती होती, मायेचा सागर होती, तिच्या डोळ्यांत सदैव अश्रू आणि ओठांवर हसू होते. शेवटी एका सुप्रसिद्ध कवितेची ओळही होती. ही आई महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरची असू शकली असती, म्हणजेच ती कोणाचीच नव्हती. आम्ही विचारले, आई काम काय करते? "क्रॉसिंगला जाते." म्हणजे नेमके काय करते?

मग ती मुलगी अर्धा तास बोलली. जालना बियाण्यांचे गाव आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको स्थापन केली, तेव्हापासून संकरित बियाण्यांच्या धंद्याशी या जिल्ह्याचे नाव जोडले गेलेले आहे. संकरित कपाशीचे बी ज्या प्लॉटवर तयार होते तिथे बायका काय करतात, हे मात्र शहरातल्या वाचकाला माहीत असायचे कारण नाही. मादी ओळीतली, उद्या उमलणार अशी कळी दुपारनंतर हेरायची. अंगठ्याचे नख तिच्या बुडाशी फिरवून पाकळ्या आणि पुंकेसरांचे आवरण एकदम सोलून काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले फूल आणून त्यावर फिरवायचे. असे दिवसाला शेकड्याने. म्हणून हंगामभर आई अंगठ्याचे नख वाढवून ठेवायची. एकदा या मुलीने, सातआठ वर्षांची असताना, आई झोपलेली असताना खेळता खेळता नेलकटरने ते नख कापून टाकले. आईने मारले नाही. दुसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने कळ्या सोलायला गेली, आणि संध्याकाळी नेलकटर डब्यांच्या फळीवर, मुलीचा हात पोचणार नाही असे ठेवून दिले.

हे तिने पहिल्या खर्ड्यात का लिहिले नाही? कारण ते लिहिण्याजोगे आहे असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या खर्ड्यात 'त्यागाची मूर्ती' नव्हती. आम्ही ते शब्द खोडले नव्हते. नखाची गोष्ट आल्यावर त्यांना जागा उरली नाही. शिकवणे म्हणतात ते एवढेच. तू तिथे होतीस का? आणखी कोण होते, त्यांना विचारलेस का? त्या वस्तूला घरात काय म्हणतात? त्यानंतर कोण काय बोलले, की कोणीच काही बोलले नाही? प्रतिभा उपजत असेल, असो बापडी. हे प्रश्न विचारायला ती लागत नाही. आणि एक वाक्य आम्ही आवर्जून लिहायला लावतो, जे कोणत्याही गाइडात सापडणार नाही: 'पुढचे मला आठवत नाही.' ज्या मुलाला हे वाक्य लिहिता येते, त्याच्या बाकीच्या वाक्यांवर विश्वास ठेवता येतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. आमच्या एका विद्यार्थ्याने एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत 'माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग' या विषयावर लिहिले. काकांनी कर्जापायी विहिरीवर कसा गळफास घेतला, बातमी आली तेव्हा काकूच्या हातात कणीक कशी होती, चितेचा धूर कसा आकाशात गेला. लेख प्रथम आला. परीक्षकांनी भाषणात त्याचा उल्लेख करताना डोळे पुसले. पंधरा दिवसांनी त्याच्याच गावच्या मुलाने सहज सांगितले की याला काकाच नाही. आम्ही त्याला बोलावले. तो घाबरला नाही, ओशाळलाही नाही. म्हणाला, "सर, नंबर त्यालाच येतो."

या मुलाला खोटारडा ठरवणे सोपे आहे, आणि आमच्या मते चुकीचे आहे. त्याला जे शिकवले तेच त्याने केले. आधी छत्री होऊन रडला, मग झाड होऊन रडला, आता पुतण्या होऊन रडला. 'मी' हा शब्द म्हणजे शपथ आहे, हे त्याला ना शाळेने सांगितले ना स्पर्धेने. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या खऱ्या आहेत. आमच्या वर्गांत अशा घरांतली मुले बसतात आणि ती बहुधा त्याविषयी एक अक्षर लिहीत नाहीत. त्यांच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा ते दुःख उसने घेऊन चषक मिळवतो, तेव्हा नेमके कोणाचे काय चोरीला जाते, याचा विचार डोळे पुसणाऱ्या परीक्षकांनी करावा.

आणि त्यांनी हाही विचार करावा की मराठवाड्यातल्या मुलाकडून आपल्याला दुसरे काही ऐकायचे होते का? पुण्या-मुंबईच्या लेखकाने पावसावर, चहावर, जुन्या वाड्याच्या जिन्यावर लिहिले तर ते ललित. आमच्या मुलांनी लिहायचे ते मात्र दुष्काळ, कर्ज आणि मरण. आमच्यापैकी एकाने पूर्वी एका दिवाळी अंकाकडे जालन्याच्या बसस्थानकावरच्या रसवंतीविषयी चार पाने पाठवली होती. संपादकांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते: भाषा छान आहे, पण तुमच्या भागातले काही 'दाहक' असेल तर पाठवा. दाह आमच्या भागात भरपूर आहे; तो मागणीनुसार पुरवण्याचा माल आहे हे मात्र आम्हांला मान्य नाही.

त्या मुलाशी पुढे दोनतीन वेळा बोलणे झाले. त्याच्या घरी खरोखरच दुष्काळ होऊन गेला होता. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळून गेल्या, त्यांत त्यांचीही बाग गेली. वडिलांनी झाडे तोडून लाकूड विकले आणि एका ठेकेदाराच्या पाण्याच्या टँकरवर चालक म्हणून नोकरी धरली. त्या वर्षी घरात महिन्याच्या महिन्याला रोख पैसा आला, तो बाग असताना कधी येत नसे. मुलाला सायकल मिळाली. सुट्टीच्या दिवशी तो वडिलांशेजारी टँकरच्या केबिनमध्ये बसे. खाली ओळखीच्या बाया घागरी घेऊन एकमेकींना ढकलत, आणि त्यांतली एक त्याच्या वर्गमित्राची आई होती. तिने वर पाहून त्याला नावाने हाक मारली, तेव्हा त्याने मान फिरवली. पुढे पाऊस चांगला झाला त्या वर्षी टँकर बंद झाले, आणि घरात पुन्हा ओढाताण सुरू झाली.

हे का नाही लिहिलेस? त्याचे उत्तर आम्ही विसरू शकत नाही. "सर, हे दुष्काळात बसत नाही."

दुष्काळात जे बसत नाही, तेच लिहिण्याजोगे असते. एखाद्याच्या घरी तहानेच्या वर्षी सायकल आली, हे वार्तांकनात येणार नाही, अहवालात येणार नाही, कथेत आले तर बेतलेले वाटेल. ते फक्त, 'मी होतो, मी पाहिले' असे म्हणणाराच सांगू शकतो. आणि तो ते सांगू शकत नाही, कारण त्याच्या जागी बोलायला आपण आधीच एक छत्री उभी करून ठेवली आहे.

काहींना वाटते की यावर उपाय निघाला आहे. अलीकडे सशुल्क ऑनलाइन कार्यशाळा होतात, तिथे 'क्रिएटिव्ह नॉनफिक्शन' शिकवतात. दृश्याने सुरुवात करा, संवाद घाला, पाचही इंद्रियांना काम द्या, शेवटी तुम्ही काय शिकलात ते सांगा. यांतल्या पहिल्या तीन सूचनांशी आमचे भांडण नाही. पण वीस वर्षांपूर्वीचा संवाद शब्दशः कोठून आणायचा, असे आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अशा कार्यशाळेत विचारले, तेव्हा त्याला उत्तर मिळाले की 'भावनिक सत्य' राखले म्हणजे झाले. ज्या अमेरिकेतून हे नाव आले, तिथे त्याचा झेंडा खांद्यावर घेणाऱ्या ली गुटकिंड यांनी १९९३ मध्ये त्याच नावाचे नियतकालिक काढले. आणि लेखकाने प्रसंग वा माणसे रचू नयेत, याबाबत ते आग्रही राहिलेले आहेत. आपण त्या नावातले 'क्रिएटिव्ह' तेवढे घेतले आणि 'नॉनफिक्शन' जकात नाक्यावर सोडून आलो. ज्याला रचायचे आहे त्याने अवश्य रचावे आणि त्याला कथा किंवा कादंबरी म्हणावे. आनंद यादवांनी 'झोंबी'त स्वतःचेच बालपण लिहिले, पण पुस्तकाला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हटले. वाचकाशी केलेला तो सरळ व्यवहार आहे. आपल्याकडे 'ललित' हा शब्द मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवायला वापरतात: खरे ठरले तर अनुभव, खोटे ठरले तर लालित्य.

शेवटी काय शिकलात ते सांगा, या चौथ्या सूचनेबद्दल अधिक बोलायला नको. ती छत्रीचीच शिकवण, नव्या कापडात.

यापेक्षा इरावती कर्व्यांचा 'परिपूर्ती' हा लेख वर्गात वाचावा. १९४९ च्या त्याच नावाच्या संग्रहातला हा लहानसा लेख. एका सभेत लेखिकेची ओळख करून देताना कोणाची मुलगी, कोणाची सून, कोणाची पत्नी असे सांगितले जाते आणि तिला काहीतरी राहिल्यासारखे वाटत राहते; मग रस्त्यात शाळकरी मुले, ही आपल्या वर्गातल्या मुलाची आई, असे एकमेकांना सांगताना ऐकू येतात. एवढेच घडते. मृत्यू नाही, दारिद्र्य नाही, आक्रोश नाही. मानवशास्त्राची एक विदुषी स्वतःकडे त्याच नजरेने पाहते ज्या नजरेने ती इतरांचे नातेसंबंध पाहते. किंचित हसते आणि थांबते. आमच्या मुलींनी हा लेख वाचून पहिला प्रश्न विचारला: "मॅडम, एवढ्यावर लिहिलं तरी चालतं?" चालते. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांना शाळा लाभली नव्हती. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या संसारावर आकाश कोसळले. तरी त्या पुस्तकात वाचकाच्या मनात घर करते ते वडिलांचे सोवळ्याचे वेड, बाजारातून आलेली वस्तूनवस्तू धुऊन घेण्याची त्यांची तऱ्हा, आणि ते सांगतानाचा बाईंचा खट्याळ निर्विकारपणा. त्यांनी रडायला सांगितलेले नाही.

भाषेचाही प्रश्न आहे, कारण तिथे लाल शाई सर्वांत जास्त सांडते. मुलगा 'इहीर' लिहितो, आपण 'विहीर' करतो. परीक्षेच्या उत्तरात प्रमाणलेखन हवेच. ते त्याला शिकवणे हे आमचे काम आहे आणि त्यातून आम्ही सुटका मागत नाही. पण आजीने जे वाक्य उच्चारले ते तिच्या तोंडी दुरुस्त करण्याचा अधिकार कोणी दिला? उलट बाजूनेही एक खोड बोकाळली आहे. आता काही मुले प्रत्येक ओळीत 'लई', 'व्हतं', 'मपलं' पेरतात, कारण ग्रामीण म्हणजे असेच, हे त्यांनी मालिकांतून आणि कथाकथनांतून उचलले आहे. घरी ती तशी बोलत नाहीत. बोलीचा असा मसाला घालणे आणि 'इहीर' खोडणे ही एकाच अविश्वासाची दोन रूपे आहेत. फड, कोपी, मोळी, वाढे, खाडा हे ऊसतोडीचे शब्द ज्याच्या घरी रोज बोलले जातात, त्याने ते लिहावेत, कारण त्या वस्तूंना दुसरी नावेच नाहीत. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. या एका शब्दात जे आहे ते सांगायला समाजशास्त्राला परिच्छेद लागेल.

आमच्या म्हणण्यावर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र आम्ही गंभीर मानतो. तो असा: छत्री निदान निरुपद्रवी होती. खरे लिहायला लावाल, तर दोन हजार वस्तीच्या गावात कोणाचे नाव झाकणार? सासरी, भावकीत, वस्तीत त्याचे परिणाम त्या मुलीला भोगावे लागतील, तुम्हांला नव्हे. हे खरे आहे. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' वर्षानुवर्षे पतीपासून लपवून लिहिले. लिहिण्याची किंमत काय असते, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी दाखवलेले नसेल. म्हणून आमच्या कामात एक नियम आहे. लिहिलेले वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती नाही. भित्तिपत्रकावर, वार्षिकांकात काही जायचे असेल तर ते लिहिणाऱ्याच्या संमतीनेच जाते. आणि लिहून झाल्यावर कागद परत नेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. ज्याला स्वतःचे सांगण्याचा हक्क द्यायचा, त्याला न सांगण्याचाही द्यावा लागतो. छत्रीला हा प्रश्न कधी पडत नाही, म्हणून तर ती इतकी लोकप्रिय आहे.

गेल्या सत्रात एका मुलीने सहा पाने लिहिली. दोनच मागितली होती. आम्ही दोघांनी ती वाचली, तिच्याशी एकेका वाक्यावर बोललो. तिने तीन ठिकाणी बदल केला, एका ठिकाणी आमचे ऐकले नाही आणि तिचेच बरोबर होते. दुसऱ्या दिवशी ती येऊन पाने मागून घेऊन गेली. त्यांत काय होते ते इथे येणार नाही. तिला आम्ही गुण दिले. अंतर्गत मूल्यमापनाच्या फायलीत त्या हजेरी क्रमांकापुढे गुण आहेत आणि कागद नाही. तपासणीला येणाऱ्या समितीने त्याबद्दल विचारले तर उत्तर द्यायला आम्ही दोघेही हजर असू.